गावातला एकटेपणा आणि निसर्ग : अभ्यास करायचा तर असा करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधविषयक आयोगाचा अहवाल जून २०२५ मध्ये आला. जगात दर सहा माणसांमागे एक जण एकटेपणाने ग्रासलेला आहे, असे त्यात म्हटले आहे. तेव्हापासून निसर्गात रमा, झाडे लावा, पक्षी पाहा असे उपाय वारंवार सुचवले जात आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या गावांसाठीही हे उपाय चांगले असतील असे आम्हाला मनापासून वाटते. पण वाटणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. सरकारी पैसा आणि म्हाताऱ्या माणसांचा वेळ यात घालायचा असेल, तर आधी नाशिकच्या मातीत त्याचा नीट अभ्यास झाला पाहिजे. तो कसा व्हावा, कुठे फसू शकतो, यासाठी हे पत्र.

पहिली अडचण अशी की हाताशी असलेले बहुतेक निष्कर्ष आपल्यासारख्या गावांचे नाहीत. आठवड्याला १२० मिनिटे निसर्गात घालवली तर प्रकृती आणि मन बरे राहते, हा दाखला सर्रास दिला जातो. तो इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०१९ च्या अभ्यासातला आहे. त्यात मोजला होता तो सवडीने फिरायला जाण्याचा वेळ, आणि एकटेपणा हा त्याचा विषयच नव्हता. निसर्ग आणि एकटेपणा यांवर युरोपीय संघाच्या मदतीने चाललेला ‘रेसेटास’ हा मोठा प्रकल्प बार्सिलोना, मार्सेल, प्राग, हेलसिंकी, मेलबर्न आणि इक्वाडोरमधले क्वेंका या सहा ठिकाणी झाला. सहाही शहरे.

आता निफाड किंवा दिंडोरीतला द्राक्ष बागायतदार घ्या. त्याचा दिवस उजाडतो आणि मावळतो तो झाडापानांतच. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग शेंडा मारणे, थिनिंग म्हणजे मणी विरळ करणे, डिपिंग म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे. गावठाण सोडून मळ्यात राहायला गेल्याला दोन पिढ्या झाल्या, शेजारचे घर हाकेच्या पलीकडे, रात्री वीज आली की मोटार चालू करायला एकट्यानेच जायचे. निसर्गाचे तास मोजायचे तर हा माणूस जगातला सर्वांत सुखी निघेल. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर गोष्ट निराळी. तिथे दिवाळीनंतर धडधाकट माणसे याच द्राक्षबागांवर मजुरीला उतरतात आणि होळीच्या सुमारास परततात. मधले महिने पाड्यावर म्हातारी माणसे आणि लहान पोरे. एकीकडे विखुरलेपणाचा एकटेपणा आहे, दुसरीकडे रिकाम्या झालेल्या गावाचा. दोन्हींना एकच औषध लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून अभ्यासाचा मूळ प्रश्न असा असावा : एकटेपणा कमी झाला तर तो झाडांमुळे, की आठवड्यातून एकदा आठ माणसे एकत्र बसली म्हणून? हे वेगळे काढायचे तर तीन प्रकारचे गट लागतात. पहिला गट निसर्गाचा उपक्रम करील. दुसरा तेवढाच वेळ, तेवढ्याच माणसांत, तोच चहा घेऊन समाजमंदिरात गोधडी शिवील किंवा भजन म्हणेल. तिसऱ्याची यंदा फक्त मोजणी होईल आणि पुढच्या वर्षी त्याला उपक्रम मिळेल. कोणता पाडा कशात, हे ग्रामसभेत सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरावे. उत्साही सरपंचाचे गाव निवडून पहिल्या गटात घातले की निकाल तिथेच वाकडा झाला.

तिसऱ्या गटावर पैसे वाचवण्याचा मोह होतो, पण आपल्याकडे तोच सर्वांत महत्त्वाचा. नोव्हेंबरात पाड्यावरच्या आजीला विचारले, ती उदास. उपक्रम झाला, मार्चमध्ये पुन्हा विचारले, ती आनंदी. अहवालात लिहिले जाणार, ‘उपक्रम यशस्वी’. पण दरम्यान होळीला मुलगा-सून घरी परतलेले असतात! उपक्रम नसलेल्या पाड्यावरची आजीही तेवढीच आनंदी झालेली असते. तिला विचारल्याशिवाय हे कळणार नाही. त्यामुळे पहिली मोजणी स्थलांतर सुरू होण्याआधी भाद्रपदात व्हावी, मात्र गणेशोत्सवाचे दिवस सोडून. दुसरी उपक्रम सुरू होताना, तिसरी तो संपताना, आणि चौथी पुढच्या भाद्रपदात, म्हणजे त्याच ऋतूशी ताडून पाहता येते.

किती माणसे लागतील? एका प्रकाराला बारा पाडे किंवा वस्त्या, दर ठिकाणी आठ जण, म्हणजे एकूण ३६ ठिकाणे आणि २८८ माणसे, एवढ्यावर बरी सुरुवात होते. एकाच पाड्यावरच्या माणसांचे दिवस सारखेच जातात, त्यामुळे एका पाड्यावर वीस माणसे घेण्यापेक्षा पाडे वाढवणे अधिक फायद्याचे. गट चालवायला दोघांची जोडी लागते. सहा जोड्या नेमल्या आणि प्रत्येकीला दोन निसर्गाचे व दोन समाजमंदिरातले असे चार गट दिले, तर २४ गट चालतात. दोन्ही प्रकार एकाच जोडीकडे देणे आवश्यक आहे, नाहीतर एखाद्या बोलघेवड्या कार्यकर्तीचे श्रेय रोपांना जाईल. या जोड्यांना मानधन द्या. फुकटचे स्वयंसेवक पहिले काही आठवडे येतात, पुढे गळतात, आणि त्यांच्यासोबत गटही मोडतो.

मोजणीसाठी जगभर वापरली जाणारी तीन प्रश्नांची पट्टी पुरते. सोबतीची उणीव किती वेळा भासते, आपल्याला वगळले जाते असे किती वेळा वाटते, आपण इतरांपासून तुटलो आहोत असे किती वेळा वाटते. प्रत्येकाला ‘क्वचित’, ‘कधीकधी’, ‘नेहमी’ अशी तीन उत्तरे, गुण १ ते ३, बेरीज ३ ते ९. सहा किंवा अधिक गुण आले की सहसा एकटेपणा धरतात. प्रश्न पाड्यावर कोकणी बोलीत, बागलाण-मालेगावकडे अहिराणीत विचारावेत आणि आधी दहा-वीस जणांवर तपासून घ्यावेत. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसमोर तीन वाट्या ठेवाव्यात, एकीत एक चिंचोका, दुसरीत दोन, तिसरीत तीन, आणि हव्या त्या वाटीवर बोट ठेवायला सांगावे. तोंडाने ‘नेहमी’ म्हणायला जीभ रेटत नाही, बोट ठेवणे सोपे जाते. सून शेजारी उभी असताना विचारू नये. गट चालवणाऱ्यानेही विचारू नये, कारण चहा पाजणाऱ्याला वाईट सांगणे आपल्याकडच्या माणसाला जमत नाही. त्याच कारणाने त्याच गावची आशा कार्यकर्तीही नको, शेजारच्या तालुक्यातली चालेल.

याच्या जोडीला एक साधा प्रश्न जरूर घ्यावा : गेल्या सात दिवसांत कोणाकोणाच्या ओट्यावर पाच मिनिटे तरी टेकलात? ती संख्या दर वेळी लिहावी. गटाबाहेरचा ओटा वाढला, तर परिणाम गटापुरता राहिलेला नाही असे समजता येते.

उपक्रमाची घडण फिनलंडच्या ‘मित्रवर्तुळ’ पद्धतीवरून घेता येईल. तिथे सहा ते आठ वृद्ध, दोन प्रशिक्षित सोबती आणि आठवड्याला एक याप्रमाणे बारा भेटी असतात. पुढे गटाने आपले आपण भेटत राहावे, हा तिचा उद्देश. त्यासाठी बाराव्या भेटीनंतरही करायला काही तरी शिल्लक असले पाहिजे, आणि इथे रोपवाटिका फार उपयोगी पडते. ती कशी करायची ते जरा तपशिलाने सांगतो.

जागा शाळेच्या किंवा आरोग्य उपकेंद्राच्या आवारात घ्यावी, मंदिराच्या नको. काही घरांतल्या माणसांचे पाय तिथे आजही अडखळतात, हे सत्य आहे. पाणी पन्नास पावलांत आणि शौचालय जवळ हवे. स्त्रिया मधूनच उठून गेल्या आणि परत आल्या नाहीत, की पुष्कळदा कारण तेच असते. दिवाळीनंतर सुरुवात केली तर थंडीत झाडांचे बी लवकर उगवत नाही. निफाडकडे पारा खाली गेला की बी नुसते पडून राहते, आणि तीन आठवडे ओल्या मातीकडे बघत बसायला कोणी येत नाही. म्हणून पहिला महिना-दीड महिना मेथी-कोथिंबीर करावी. तीन बाय सहा फुटांच्या वाफ्याला २० ग्रॅम मेथी पुरते. ती चार-पाच दिवसांत वर येते, महिन्याभरात जुडी हातात पडते. धणे रगडून दोन फाकी करून पेरावेत. वाफा तीन फुटांहून रुंद नको. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि दोघी समोरासमोर बसून निंदणी करू शकतात. समोरासमोर बसले की बोलणे आपोआप निघते. एका ओळीत बसवले तर सगळी पाठमोरी राहतात.

जानेवारीअखेर पिशव्या भराव्यात. पाच बाय सात इंचाच्या २०० पिशव्या, म्हणजे दर माणशी २५. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग वाळू, अशी सगळी मिळून अठरा-वीस घमेली लागतात. माती चाळणे, मिसळणे, भरणे, बी टोकणे ही कामे चार हातांची आहेत, एकट्याने होत नाहीत. पिशवीला तळाशी आठ-दहा छिद्रे हवीत. शेणखत कच्चे असेल तर आत गरम होते, वर हुमणी आणि वाळवी लागते. शेवग्याचे बी लवकर उगवते, करंजाला दोन-तीन आठवडे, चिंचोका रात्रभर भिजवून टोकावा. बहाव्याची बी कठीण कवचाची, तिच्यावर उकळते पाणी ओतून दिवसभर तशीच ठेवावी लागते. मोह आणि जांभळाच्या बिया साठवून चालत नाहीत. त्यांची उगवणशक्ती काही दिवसांतच जाते, म्हणून त्या पावसाच्या तोंडावर पडल्या की लगेच लावायच्या. फेब्रुवारीत उगवलेली रोपे जूनपर्यंत सांभाळावी लागतात. बाराव्या भेटीनंतरही गट बांधलेला राहतो तो या सांभाळामुळे.

रोपे मरतात ती बहुधा जास्त पाण्याने. येणारा प्रत्येक जण मायेने तांब्याभर पाणी ओतून जातो, मुळाशी बुरशी धरते आणि रोप मातीलगत मान टाकते. २०० पिशव्यांना दिवसाला दोन हंडे पाणी पुष्कळ झाले. पाणी घातले की दाराशी ठेवलेला दगड पालथा करायचा, एवढी खूण पुरते. पाण्याची पाळी एकेकट्याला देऊ नये, दोघांना मिळून द्यावी. पिशव्यांवर नावे टाकू नयेत. नावे टाकली की जो तो आपल्या २५ पिशव्या भिजवून घरी जातो, आणि ज्याच्या उगवत नाहीत तो यायचा थांबतो. गुडघे धरलेल्यांसाठी काही पिशव्या विटा-फळ्यांवर दोन-अडीच फूट उंच ठेवाव्यात आणि बसायला बाज टाकावी.

येवला, नांदगाव, सिन्नरच्या पूर्व पट्ट्यात मात्र रोपवाटिकेचा हट्ट नको. एप्रिल-मेमध्ये जिथे प्यायला टँकर येतो, तिथे रोपांना दोन हंडे मागणे चूक आहे. तिथे झाडांच्या नोंदी, बांधावरचे पक्षी, ममदापूर-राजापूरकडे काळवीट पाहणे असे पाणी न लागणारे काही घ्यावे. निफाडमध्ये नांदूरमध्यमेश्वर आहेच, २०२० मध्ये रामसर यादीत आलेले महाराष्ट्रातले पहिले पाणथळ. हिवाळ्यात तिथे चक्रवाक, थापट्या, चित्रबलाक, वारकरी दिसतात. दहा जणांत दोनच दुर्बिणी द्याव्यात, हातोहात फिरल्या की ‘दिसला का, कुठे, त्या बाभळीच्या डावीकडे’ असे बोलणे होते. मनोऱ्यावर चढायला लावू नये, काठावर बसूनही चांगले दिसते. मोतीबिंदू झालेल्यांना आवाजावरून ओळखायला द्यावे.

पावसाळ्यात पश्चिम पट्ट्यासाठी रानभाज्यांची फेरी सर्वांत योग्य, कारण तिथे म्हातारी बाई शिकवणारी असते आणि बाकीचे शिकणारे. एकटेपणात माणसाला आपण कोणाच्या उपयोगाचे नाही हे फार लागते, आणि शेवळे कोणते, ते कुठे उगवते हे तिलाच माहीत असते. शेवळ्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्याने घसा खाजतो, म्हणून ते काकडाची फळे किंवा चिंच घालूनच शिजवतात. कळलावीचा कंद जीवघेणा आहे. दोन जाणत्या बायांनी एकमुखाने होकार दिल्याशिवाय काहीही पातेल्यात जाऊ नये, हा नियम पक्का ठेवावा. अभयारण्यात तोडणी नाही. इतरत्र ग्रामसभेची संमती घ्यावी, आणि सांगितलेली माहिती जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत त्या बाईच्या संमतीने, तिच्या नावासकट जावी.

वेळेचा घोळ सगळ्यांत जास्त गट मोडतो. संध्याकाळ म्हणजे धारा काढायची वेळ, शिवाय उसाच्या कडेने बिबट्याचे भय. निफाड, सिन्नर, दिंडोरीत अंधार पडायच्या आत माणसे घरी पोचलीच पाहिजेत, आणि पहाटेची फेरी तर नकोच. थंडीत सकाळी ९ ते १०.३०, मार्चपासून ७ ते ८.३०. बाजाराचा वार टाळावा. पिशव्यांच्या खाली, प्लास्टिकच्या ढिगात घोणस-मण्यार दडतात, हात घालण्याआधी काठीने हलवावे, आणि सर्पदंशावरचे प्रतिविष कोणत्या केंद्रात आहे हे आधीच विचारून फळ्यावर लिहून ठेवावे. जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की झाडाखाली थांबायचे नाही, फेरी सोडून द्यायची.

माणसे बोलावणे हेही कौशल्य आहे. ‘एकाकी लोकांसाठी’ अशी दवंडी दिली तर कोणी येणार नाही, गावात नाव खराब होईल ही भीती असते. गटाचे नाव ‘रोपवाटिका मंडळ’ असावे. पण संमतीपत्र वाचून दाखवताना अभ्यास मनाचा आणि सोबतीचा आहे हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. विधवा बाईला निरोप धाडून भागत नाही. ओळखीच्या बाईने दोन-तीनदा घरी जायचे आणि पहिल्या दिवशी सोबत घेऊन यायचे. फक्त वृद्धांवर थांबू नये. मळ्यातली नवी सून आणि लग्न न जमलेला तिशीतला शेतकरी मुलगा यांच्याकडे आजवर कोणी पाहिलेले नाही.

जे येणे थांबवतात तेच बहुधा सर्वांत एकटे असतात. त्यांना यादीतून काढून टाकले की सरासरी आपोआप सुधारलेली दिसते. त्यांच्या घरी जाऊन मोजणी करावी आणि चिठ्ठीत जो गट निघाला होता त्यातच त्यांना धरावे.

आणि रोपे हे आजारावरचे औषध समजू नये. झोप उडालेली, जेवण तुटलेले, जगण्यात अर्थ नाही असे बोलणारे कोणी आढळले, तर त्याला पुढच्या भेटीपर्यंत ठेवायचे नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या घरच्यांनाही द्यायचा.

हे काम करू शकतील अशा दोन संस्था नाशिकमध्येच आहेत, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. एकीकडे वैद्यकीय संशोधनाची शिस्त, दुसरीकडे गावोगावी पोचलेली अभ्यासकेंद्रे. जिल्हा परिषदेने या दोघांना एका टेबलावर बसवावे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे नैतिकता समितीची मान्यता घ्यावी आणि पहिली मोजणी येत्या भाद्रपदात ठेवावी. त्यासाठी आराखडा उन्हाळा संपायच्या आत तयार हवा, कारण पेरण्या सुरू झाल्या की ग्रामसभेला माणसे मिळत नाहीत. जो निकाल येईल तो, गोधडीचा गट रोपवाटिकेच्या बरोबरीने निघाला तरीही, त्या ३६ ठिकाणी वाचून दाखवावा. आणि तिसऱ्या गटातल्या पाड्यांना कबूल केलेला पुढच्या वर्षीचा उपक्रम अंदाजपत्रकात पहिल्याच वर्षी लिहून ठेवावा, नंतर पैसे उरत नाहीत.

आपले,
ग्रामीण आरोग्य व परिसर विषयाचे काही अभ्यासक, नाशिक